लिखाणात मागे पडलेल्या मुलासाठी घेतलेल्या वस्तू: शाळेचं वर्ष सरताना काय टिकलं, काय माळ्यावर गेलं

आमचा मुलगा तिसरीत आहे. मराठी माध्यम, सेमी इंग्रजी. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून त्याच्या लिखाणासाठी आम्ही जे जे घेतलं, बनवून घेतलं, ज्याची फी भरली, त्याचा हा अनुभव. घाई असेल त्यांनी एवढंच वाचावं: वही ठेवायला तिरका पाट आणि आखूड पेन्सिल जरूर वापरा, रव्याचं ताट घरात आहेच, पेन्सिलवर चढवायच्या रबरी ग्रिपचं पाकीट घेऊ नका, अ‍ॅपची वर्गणी भरू नका, आणि अक्षरसुधार वर्गाची फी भरण्याआधी खालचं वाचा. अक्षर मोत्यासारखं वगैरे झालेलं नाही, तशा अपेक्षेने कुणी वाचू नये.

आधी अडचण काय होती ते. वाचन बरं, पाढे पाठ, तोंडी विचारलं तर उत्तर ठणठणीत. लिहायला बसवलं की पाणी प्यायला उठायचं, शू लागायची, पेन्सिलचं टोक तुटायचं. वर्गात फळ्यावरचं निम्मं उतरवून होईतो फळा पुसलेला असायचा आणि वहीत लाल शाईत ‘अपूर्ण’. दाब इतका की अक्षरं मागच्या दोन-तीन पानांवर उठायची. विहिरीत उतरणाऱ्याने दोर धरावा तशी पेन्सिल पाचही बोटांनी आवळलेली. घरातल्या प्रत्येकाचं निदान तयार होतं: आळस, मोबाइल, लाड.

डोळे आणि कान तपासून घेतले, दोन्ही ठीक निघाले. मग मुलांच्या डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्या ताईंनी त्याच्याकडून तीन कामं वेगवेगळी करून घेतली. समोर ठेवलेला छोटा उतारा नुसता उतरवायचा. मग थोडे शब्द श्रुतलेखनाचे. आणि शेवटी जत्रेचं एक चित्र बघून गोष्ट सांगायची, लिहायची नाही. उतारा अर्ध्यावर राहिला. श्रुतलेखनात वेलांट्या आणि उकार वाटेल तिथे पडले. गोष्ट मात्र चांगली लांबलचक निघाली, त्यात पाळणेवाल्याचं आणि एका आजीचं भांडणसुद्धा होतं. ताई म्हणाल्या, “बघा बाबा, याला लिहिण्यासारखं भरपूर आहे. हात दमतो आणि शुद्धलेखन कच्चं आहे. तिन्ही एकदम मागता, म्हणून तिन्ही बिघडतात.”

तेव्हापासून कुठलीही वस्तू घेताना मी एकच विचारतो: ही हातासाठी, शुद्धलेखनासाठी की मजकुरासाठी? बाजारात नव्वद टक्के माल हातासाठीचा आहे, आणि जाहिरात मात्र तिन्हीची असते.

पेन्सिल. रबरी ग्रिप वेगवेगळ्या आकारांच्या मिळतात, माशासारख्या, बोटं अडकवायच्या पंखांच्या. आमच्याकडे त्या चावण्यासाठी आणि एकमेकांना मारण्यासाठी वापरल्या गेल्या. त्यापेक्षा ताईंनी सांगितलेला उपाय फुकटचा होता: पेन्सिल आखूड द्या. अंगठ्याच्या लांबीचा तुकडा पाच बोटांत मावतच नाही, हात आपोआप तीन बोटांवर येतो. खडूचंही तसंच, अख्खा देण्याऐवजी मोडून द्यायचा. दुसरा बदल, साध्या एचबीऐवजी मऊ, गडद शिशाची पेन्सिल. आम्ही अप्सरा प्लॅटिनम एक्स्ट्रा डार्क वापरली. कमी दाबात ठळक उमटतं, त्यामुळे दाबायचं कारणच उरत नाही. महिनाभरात मागच्या पानांवरचे वळ कमी झाले. तिकोनी जाड पेन्सिलही चांगली, पण तिच्यासाठी वेगळं शार्पनर लागतं आणि ते वर्गात हमखास हरवतं. एक मात्र लक्षात ठेवा, धरण्याची एकच पद्धत बरोबर असं नाही. पेन्सिल तीन बोटांवर असो की चार, मनगट मोकळं आणि हात दुखत नसेल तर ताईंच्या मते छेडायचं नाही.

बोटांच्या ताकदीसाठी पुटी की काय ते, मळायच्या मऊ गोळ्याचे, महाग डबे येतात. आमच्या सासूबाईंनी त्याला वाटाणे, लसूण आणि शेंगा सोलायला बसवलं, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावायला लावले. पुटीचा डबा वाळून गेला.

तिरका पाट. याला माझे सगळ्यात जास्त गुण. सपाट टेबलावर मूल वहीवर ओणवं होतं, नाक कागदाला टेकतं, मनगट आत दुमडतं. वही साधारण वीस अंशांनी वर उचलली की मनगट मागे वळतं, बोटं मोकळी होतात आणि मान वर राहते. ऑनलाइन पाट दोन हजारांच्या आसपास दिसले, आम्ही गल्लीतल्या सुताराकडून साडेचारशेत करून घेतला. घ्यायच्या आधी चाचणी म्हणून ऑफिसची जाड फाइल आडवी टाकून, कणा पलीकडच्या बाजूला ठेवून तिच्यावर वही ठेवली होती. तेवढ्यावरही फरक दिसतो, मग खर्च करावा. तोटा असा की पाट शाळेत नेता येत नाही. वर्गात बाकावर तो पुन्हा ओणवा होतोच. पाय जमिनीला टेकणं हा वेगळा मुद्दा. आमच्या डायनिंगच्या खुर्चीवर त्याचे पाय लोंबकळायचे, खाली जुना पाट सरकवला आणि चुळबुळ निम्मी झाली.

रव्याचं ताट. हे शुद्धलेखनासाठी, आणि इथे आपल्या लिपीची गंमत कळते. ‘कि’ म्हणताना आधी क ऐकू येतो, पण ऱ्हस्व वेलांटी काढायची क च्या आधी, डावीकडे. ऐकलेला क्रम एक आणि हाताचा क्रम दुसरा. आमचा हा बाबा आधी ‘क’ काढायचा, मग वेलांटीला जागा नाही म्हणून ती उजवीकडे, म्हणजे सगळे ‘कि’ ‘की’ झालेले. दुसरा घोळ शिरोरेघेचा. भ आणि ध वर डाव्या बाजूला रेघ तुटते, म आणि घ वर ती सलग. हा शब्द पूर्ण करून वर झपकन एक रेघ ओढायचा, की ‘भात’चा ‘मात’ आणि ‘धर’चं ‘घर’. वहीत हे खोडरबराने खोडून खोडून पान फाटतं. रव्यात बोटाने मोठ्ठं काढायचं, ताट हलवलं की पुसलं, चुकीचा पुरावा राहत नाही. रोज जेवणाआधी चार-पाच शब्द, त्याहून जास्त नाही. तोंडाने म्हणत काढायचं: “आधी वेलांटी, मग क.” पूर्वी धूळपाटीवर अक्षरं गिरवायचे ते उगाच नव्हे. पाटी-पेन्सिलही आणली होती, ती करकर वाजते म्हणून त्याने नाकारली. दिवाळीनंतर ऱ्हस्व वेलांटीचा घोळ बराचसा मिटला. उकार अजून मनमानी आहेत.

वह्या. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे सहाव्या वर्षी मुलाने दोन उलट सवयी एकदम लावून घ्यायच्या. तिसरीत एकेरी वही येते. आम्ही बाईंना विचारून मराठीसाठी आणखी काही महिने दुरेघी चालू ठेवली. बाई लगेच हो म्हणाल्या. विचारून बघा, बहुतेक बाई हो म्हणतात.

गिरवण्याचं अ‍ॅप. नाव घेत नाही. बोटाने गिरवलं की चांदण्या पडतात. बोटाने काचेवर घासण्यात आणि पेन्सिल पेलण्यात काही संबंध नाही, शिवाय त्यातला ल दंडाचा, हिंदी वळणाचा होता. शाळेत पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवतात, आणि शासनाने २००९ च्या निर्णयात व पुन्हा २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी हीच वळणं सांगितली आहेत. मुलाने मला विचारलं, “बाबा, खरा ल कुठला?” त्याच दिवशी वर्गणी बंद.

अक्षरसुधार वर्ग. सुट्टीत घातलं होतं. सर भले होते, पण तिथे नीट लिहिता येणाऱ्या मुलांचं अक्षर देखणं करतात. माझं मूल पान भरण्याच्या आधीच दमत होतं. कित्ता उतरवून आणायचा, तोही रोज चार पानं. घरी रडारड सुरू झाली आणि आम्ही सोडलं, फी परत मिळाली नाही. ज्याचा हात दमत नाही, फक्त वळण वेडंवाकडं आहे, त्याला हा वर्ग उपयोगी पडेल.

आता मजकूर. यासाठी काहीच विकत घ्यावं लागत नाही आणि बदल इथेच सगळ्यात जास्त दिसला. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात त्याने लिहिलं होतं: “पाऊस पडला. मी भिजलो. मजा आली.” तेच मी म्हटलं, “तू नुसतं सांग, मी लिहितो, माझ्या पदरचं एक अक्षर घालणार नाही.” तेव्हा शेजारच्या काकांची स्कूटर पाण्यात बंद पडली, काकांनी तिला शिव्या दिल्या, काकूंनी गॅलरीतून त्यांना दिल्या, आणि एक चप्पल वाहत नाल्याकडे गेली, असा सगळा वृत्तांत आला. मी जसाच्या तसा लिहिला, त्याने मोठ्याने वाचला, हसला. मग त्यातली आवडती दोन वाक्यं त्याने स्वतः वहीत लिहायची. पुढच्या आठवड्यांत दोनाची तीन, तीनाची पाच झाली. चप्पल त्याने निवडली, काकूंच्या शिव्या मी मुकाट्याने लिहून ठेवल्या आहेत.

मला वेळ नसे तेव्हा फोनच्या जीबोर्डवर (गूगलचा कीबोर्ड) मराठी बोलून टाइप करायला दिलं. बऱ्यापैकी ओळखतो, विरामचिन्हं मात्र आपण घालायची, आणि मूल भरभर बोललं की ‘चप्पल’चं भलतंच होतं. ते दुरुस्त करताना त्याचं शुद्धलेखन आपसूक होतं, कारण चूक फोनची असते, त्याची नसते.

बाईंशी एक ठरवलं: निबंध तपासताना शुद्धलेखनाच्या सगळ्या चुकांवर लाल खुणा नकोत, दोन शब्द निवडून तेवढेच. आणि फळ्यावरचं उतरवताना एकेक अक्षर बघून लिहिण्याऐवजी अख्खा शब्द मनात धरून लिहायचा. पहिल्या बाकावर बसवलं. संकलित मूल्यमापनाच्या पहिल्या पेपरात त्याने शेवटचा प्रश्नही लिहिला होता. जोडाक्षरं चुकीची, पण उत्तर होतं.

इतकं करूनही काहीच हलत नसेल तर नुसता सराव वाढवू नका, रीतसर तपासणी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (लर्निंग डिसॅबिलिटी) आहे, लिखाणाची अडचणही तीत येते. महाराष्ट्रात अशा मुलांना १९९६ पासून शासनमान्य सवलती आहेत, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) त्यांतच. प्रमाणपत्रासाठीची चाचणी सहसा आठ वर्षं पूर्ण झाल्यावर होते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. आम्हाला ताईंनी तूर्त गरज नाही म्हटलंय, चौथीत पुन्हा बघायचं ठरलंय.

पाटाची मापं विचारली जातील म्हणून: बारा एमएमचा प्लायवूड, १८ इंच रुंद, १४ इंच खोल, मागची उंची पावणेपाच ते पाच इंच. खालच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी, म्हणजे वही घसरत नाही. वर एक क्लिप. कडा घासून घ्यायला सुताराला आठवणीने सांगा, आणि खाली रबराचे तुकडे चिकटवा, नाहीतर पाट टेबलावरून पुढे सरकतो.