वर्गाबाहेरचा इंग्रजी सराव: काही महिने करून घेतल्यानंतरचा अनुभव

मी प्रौढांना इंग्रजी शिकवते. व्याकरणाची उत्तरं अचूक देणारी माणसं वर्गाबाहेर पडली की इंग्रजीत अवाक्षर काढत नाहीत, हे नेहमीच दिसतं. म्हणून गेले काही महिने घरच्या सरावाचे काही प्रकार त्यांच्याकडून नेटाने करून घेतले.

सगळ्यात उपयोगी ठरली ४-३-२ ही पद्धत. विषय एकच, तो आधी चार मिनिटं, मग तीन, मग दोन मिनिटांत बोलायचा आणि दर वेळी ऐकणारा वेगळा. भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लेखनामुळे ती इंग्रजीच्या शिक्षकांना चांगली माहीत आहे. पहिल्या फेरीत निम्मं लक्ष ‘काय बोलू’ यातच जातं. दुसरीला मुद्दे हाताशी असतात, मग वाक्यं सुचायला लागतात. तिसरीत अडखळायला वेळच नसतो.

पण घरी तीन श्रोते आणायचे कुठून? आम्ही फोनवर रेकॉर्ड करून वर्गातल्या तिघांना एकेक फेरी पाठवायचं ठरवलं. अट अशी की ऐकणाऱ्याने उलट एक प्रश्न विचारायचा, तोही बोलून. खरा फरक या प्रश्नामुळे पडला. नुसतं ‘घरी बोलत जा’ सांगून कुणी बोलत नाही. आपलं कुणीतरी ऐकणार आहे, त्यावर विचारणार आहे, हे कळलं की माणूस तयारी करतो. वर्गात मान वर न करणाऱ्या एका ताईंचं रेकॉर्डिंग सगळ्यांच्या आधी यायला लागलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

या पद्धतीत एक धोका आहे: चूकही तीनदा घोटली जाते. पहिल्या फेरीत ‘शी गो’ आलं तर तिसरीपर्यंत ते जिभेवर बसतं. म्हणून पहिली फेरी मी लगेच ऐकते आणि एकच चूक सांगते. दहा सांगितल्या तर बोलणंच बंद पडतं.

ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ वापरला. फुकट आहे, सोबत संपूर्ण मजकूर मिळतो. सुरुवातीला एक प्रश्न टाकतात आणि उत्तर शेवटी देतात, त्यामुळे मध्येच सोडवत नाही. मजकूर मात्र ऐकून झाल्यावरच उघडावा, नाहीतर कान आळशी होतात. अगदी नवख्यांना हा कार्यक्रम देऊ नका. दर वाक्याला थांबवावं लागलं तर हुरूप जातो.

वाचनाबद्दल थोडक्यात. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे शंभरात फार तर दोन अनोळखी. बरेच जण हौसेने जाडजूड कादंबरी घेतात आणि पहिल्याच प्रकरणात अडकतात. शिकणाऱ्यांसाठी सोप्या इंग्रजीत लिहिलेले ग्रेडेड रीडर घ्या. त्यात मोठ्या माणसांनी कमीपणा मानू नये, असं मला कळकळीने वाटतं.

रोज हजेरी लावायला लावणारी शब्दांची ॲपही काहींनी वापरली. शब्द वाढले, बोलणं तिथंच राहिलं.

नवख्यांसाठी मी आता ४-३-२ची वेळ निम्मी केली आहे: दोन मिनिटं, दीड, मग एक. विषयही रोजच्या कामाचाच देते, म्हणजे मुद्दे शोधत बसावं लागत नाही.