पद्मिनीच्या सिलचे काम : भोसरीतील एका बॉडी गॅरेजबद्दल

आमच्या 1978 सालच्या प्रीमियर पद्मिनीचे दोन्ही सिल, म्हणजे दरवाज्यांखालचा उंबऱ्याचा पत्रा, आणि चालकाच्या पायाखालचा फ्लोअर भोसरीतील एका छोट्या बॉडी गॅरेजमध्ये नव्याने बनवून घेतला. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी बरीच वर्षे अलिबागच्या खाऱ्या हवेत उभी होती. जुनी फियाट किंवा पद्मिनी बाळगणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या कामाविषयी सविस्तर लिहीत आहे.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते. फ्लोअर, सिल, पिलर (छताला आधार देणारे खांब) आणि छत मिळून जो सांगाडा होतो तोच सगळा भार पेलतो, त्यामुळे मडगार्डला भोक पडणे वेगळे आणि सिल कुजणे वेगळे. सिल ही बंद पेटी असते. निचऱ्याची भोके चिखलाने बुजली की झिरपलेले पावसाचे पाणी आतच राहते, आणि बाहेर रंगाला फोड आलेला दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा खाल्लेला असतो. आमच्या गाडीत पूर्वी कोणीतरी तेथे फायबर आणि पुट्टी भरून वर डांबरी लेप दिला होता. त्यामुळे भोक दिसेनासे झाले, पण ताकद तिळमात्रही वाढली नाही. उलट लेपाखाली ओल धरून राहिली.

या गॅरेजचे सर्वांत मोठे गुण पत्रा कापण्याआधीच दिसले. सीट आणि गालिचे काढून, हातोडीने ठोकून आणि स्क्रू ड्रायव्हर टोचून कुजलेल्या भागांवर खडूने खुणा केल्या गेल्या. त्यानंतर गाडी स्टँडवर समतल घेऊन दरवाज्यांच्या मोकळ्या चौकटींत अँगलचे आडवे टेके वेल्ड केले आणि दरवाज्यांभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवल्या. सिल कापल्यावर गाडी मधोमध किंचित खचू शकते, आणि त्या अवस्थेत नवा पत्रा जोडला तर ती खच कायमची राहते. मग बिजागऱ्या कितीही बसवा, दरवाजा नीट लागत नाही. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय त्यांनी दुसरीला हात लावला नाही, हेही मला फार महत्त्वाचे वाटते.

मी जाड पत्रा लावण्याचा आग्रह धरला होता. मिस्त्रींनी शाबूत राहिलेल्या मूळ पत्र्याची जाडी मोजून दाखवली आणि तेवढ्याच जाडीची सीआर शीट (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला पोलादी पत्रा) वापरली, कारण जाड तुकड्याशेजारच्या पातळ पत्र्यावर ताण एकवटतो आणि तो तेथूनच चिरतो. कारखान्यातील स्पॉट वेल्डच्या, म्हणजे ठिपक्यांसारख्या जोडांच्या, जागी पत्र्याला भोके पाडून सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात होणाऱ्या विजेच्या वेल्डिंगने) ती भरली. वेल्डिंगचे टाके लांब लांब अंतरावर, जागा बदलत दिले, त्यामुळे उष्णतेने पत्रा वाकला नाही. गॅसच्या वेल्डिंगने पातळ पत्रा जसा लाटांसारखा उठतो, तसे येथे कुठेच दिसले नाही. एकमेकांवर टेकणाऱ्या कडांना आधी झिंक प्रायमर लावला होता, आणि काम संपल्यावर निचऱ्याच्या भोकांतून आत मेणाचा फवारा मारला. ती भोके पुन्हा मोकळी केली आहेत ना, हे मी स्वतः तार घालून पाहिले.

उणिवाही आहेत. मागच्या चाकाच्या कमानीतील एका सांध्यावर सीलर भरायचा राहिला होता. दाखवल्यावर तो तत्काळ भरून दिला, पण गाडी देण्याआधी तो त्यांच्याच नजरेस यायला हवा होता. अंदाजपत्रक तोंडी मिळते, आणि पत्रा उघडल्यावर काम वाढले की खर्चही वाढतो. गंजाच्या कामात ही वाढ बहुधा अटळ असली, तरी प्रत्येक टप्प्याचा दर लिहून मागावा. रंगकामाची सफाई साधारण आहे, त्यामुळे प्रदर्शनात उभी करण्यासाठी गाडी तयार करून घेणाऱ्यांनी रंग दुसरीकडे द्यावा.

गाडी नियमित चालवायची असेल तर पत्र्याच्या कामासाठी मी हे गॅरेज निःसंकोच सुचवीन. गाडी शक्यतो पावसाळा संपल्यावर द्यावी, म्हणजे उघडा पत्रा दमट हवेत लगेच गंजत नाही, आणि सिलचा बाहेरचा पत्रा बंद करण्यापूर्वी मला बोलवा, असे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. आम्हाला त्यांनी बोलावले आणि आतला प्रत्येक सांधा बॅटरीच्या उजेडात दाखवला.