सुपर ऑडिओ सीडी प्लेअर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्या संध्याकाळी आवाजच आला नाही. प्लेअर नवा, डिस्क नवी (सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे साध्या सीडीपेक्षा जास्त बारकाईने आवाज साठवणारी चकती), डिस्प्लेवर सेकंद पुढे सरकतायत आणि स्पीकर मुके. जुन्या सीडी प्लेअरची कोअ‍ॅक्सिअल डिजिटल वायर काढून नव्याला लावली होती, म्हणून आधी वायरवर संशय घेतला, मग रिसीव्हरवर (प्लेअरचा आवाज वाढवून स्पीकरला देणारा डबा). साधी सीडी टाकली तर ती खणखणीत वाजली! दीड तासाने माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत उत्तर सापडलं. सुपर ऑडिओ सीडीचा सिग्नल कोअ‍ॅक्सिअल किंवा ऑप्टिकलमधून बाहेर सोडलाच जात नाही. कॉपी होऊ नये म्हणून ही बंदी आहे. मग उरतात एचडीएमआय किंवा लाल-पांढऱ्या अ‍ॅनालॉग वायरी. मी अ‍ॅनालॉग लावल्या आणि गाणं सुरू झालं.

पुढचे तीन आठवडे मी स्वर्गात होतो. झांजेचा झणत्कार विरताना ऐकू येतो, पियानोच्या पट्टीवरून बोट उठलेलं कळतं, वगैरे वगैरे. येईल त्याला बसवून ऐकवत होतो. मग एके दिवशी भाच्याने विचारलं, ‘मामा, डिस्प्लेवर नुसतं सीडी का लिहिलंय?’

तर झालं होतं असं. या डिस्क बहुतेक हायब्रिड असतात, म्हणजे एकाच चकतीत दोन थर. सीडीचा थर वरच्या, लेबलच्या बाजूला असतो आणि ७८० नॅनोमीटरचा लेझर तो वाचतो. हाय-रेझोल्यूशनचा, म्हणजे सुपर ऑडिओचा, थर चकतीच्या मधोमध, अर्धपारदर्शक, त्याला ६५० नॅनोमीटरचा लेझर लागतो. कुठला थर आधी वाचायचा हे सेटिंगमध्ये ठरतं आणि माझ्या प्लेअरमध्ये ते पहिल्या संध्याकाळच्या खटपटीत सीडीवर गेलं होतं. तीन आठवडे ज्याचं कौतुक केलं ती साधी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झची सीडी होती, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. एवढी शरम वाटली की त्यानंतरच मी नीट ऐकायला लागलो.

कागदावर फरक प्रचंड आहे. १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सने हा प्रकार बाजारात आणला. यात नमुना फक्त एका बिटाचा, पण सेकंदाला २८ लाखांहून जास्त वेळा घेतलेला. सीडीच्या नेमका ६४ पट वेग. पण माणसाचा कान सूर ऐकतो तो २० किलोहर्ट्‌झपर्यंत, तोही तरुण असला तर, आणि सीडी तिच्या नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे २२ किलोहर्ट्‌झपर्यंत पोचते. वरचं सगळं कोणासाठी, घरच्या मांजरासाठी?

म्हणून घरीच चाचणी केली. एकाच डिस्कचे थर बदलून ऐकण्यात अर्थ नाही, कारण थर बदलायला प्लेअर पंधरा-वीस सेकंद घेतो आणि तोवर कान आधीचं विसरलेला असतो. मित्राकडून त्याच डिस्कची दुसरी प्रत आणली, ती जुन्या सीडी प्लेअरमध्ये घातली आणि दोन्ही प्लेअर रिसीव्हरला जोडले. सुरुवातीला नव्या प्लेअरचा आवाज सरस वाटला. फोनवरच्या अ‍ॅपने एकच तुकडा दोन्हीकडून मोजला, तर नवा सुमारे दीड डेसिबलने मोठा वाजत होता. जे जरा मोठं वाजतं ते कानाला ‘स्वच्छ’ वाटतं, ही जुनी फसवणूक आहे. पातळी सारखी केली, भाच्याला बटणापाशी बसवलं आणि पाठ करून ऐकलं. बारापैकी सात वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढेच जमले असते.

यात माझा कान एकटाच बहिरा नाही. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात अशीच, पण कितीतरी मोठी चाचणी प्रसिद्ध केली होती. हाय-रेझोल्यूशन डिस्कचा आवाज मधेच सीडीच्या दर्जातून फिरवून आणला, तरी नेहमीच्या आवाजात ऐकणाऱ्यांना पत्ता लागला नाही. त्याच लेखात त्यांनी हेही नोंदवलंय की या डिस्क एरवीच्या सीडींपेक्षा सहसा चांगल्याच वाजतात.

हे दुसरं वाक्य मला आठ महिन्यांत पुरेपूर पटलं. माझ्याकडच्या एका जॅझ डिस्कमध्ये दोन थरांतला फरक शेजाऱ्यालाही कळेल, कारण दोन्हींचं मास्टरिंगच, म्हणजे डिस्कसाठी केलेली आवाजाची शेवटची घडणच, वेगळी आहे. सीडीच्या थरात सगळं दाबून एका पातळीला आणलंय, दुसऱ्या थरात ढोलाचा ठोका मोकळा सोडलाय. त्या डिस्कसाठी प्लेअर घेतल्याचं सार्थक झालं. उलट ऐंशीच्या दशकात मुळातच १६ बिटांत ध्वनिमुद्रित झालेली एक मैफल मी हौसेने या रूपात घेतली. मूळ टेपवरच जे नाही ते डिस्कवर कुठून येणार? आता डिस्क घेताना मी आधी ध्वनिमुद्रण कधीचं आणि मास्टरिंग नवं का जुनं हे बघतो, आकडे नंतर.

रिसीव्हरची गंमत मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. अ‍ॅनालॉग वायरीतून आलेला सिग्नल माझा रिसीव्हर आत घेताच पुन्हा डिजिटल करतो, त्यावर बास-ट्रेबलचे संस्कार करतो आणि मग परत अ‍ॅनालॉग करून स्पीकरला देतो. म्हणजे एवढ्या खटाटोपाने डिस्कवरून काढलेलं दूध शेवटी पावडर करूनच प्यायचं! ‘डायरेक्ट’ बटण दाबलं की हा फेरा टळतो. तरी खरं सांगायचं तर स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढल्यावर जो फरक पडला तो यापेक्षा मोठा होता, आणि त्याला वायरही लागली नाही.

मल्टिचॅनल, म्हणजे दोनाहून जास्त स्पीकरसाठीच्या, ध्वनिमुद्रणाचीही एक खोड आहे. दोनच स्पीकर असतील तर सेटिंगमध्ये स्टीरिओ निवडा. माझ्याकडे एका डिस्कवर गायिका लांब कुठे तरी मागे गेली होती, ती त्यानेच जागेवर आली.

प्लेअर डीव्हीडी-ऑडिओ ही दुसऱ्या प्रकारची हाय-रेझोल्यूशन डिस्कही वाजवतो, पण काही डिस्कना मेन्यूसाठी टीव्ही लावावा लागतो. गाणी ऐकायला टीव्ही लावणं मला जमलं नाही. त्या तीन डिस्क कपाटात आहेत.

सध्याची काळजी लेझरची. सहाव्या महिन्यापासून काही हायब्रिड डिस्क पहिल्या फटक्यात ओळखल्या जात नाहीत, ट्रे पुन्हा उघडून मिटावा लागतो. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसलं की बहुधा चालतात. गोल गोल पुसू नका. सीडीचा थर मात्र एकदाही अडकलेला नाही. जुना सीडी प्लेअर विकायला काढला होता, तो परत रॅकवर ठेवलाय.