सेल बदलला, पावसाळा गेला: जी-शॉक आणि इतर स्पोर्ट्स घड्याळांच्या दुरुस्तीचा अनुभव

दुकानात सेल बदलला, आकडे उमटले, पैसे दिले आणि त्याच संध्याकाळी पाच तारे देऊन टाकले, असे अभिप्राय स्पोर्ट्स घड्याळाच्या बाबतीत फारसे कामाचे नाहीत. सेल चालतोय हे काउंटरवरच दिसतं. मागचं झाकण नीट बसलं की नाही, हे जुलैत कळतं. म्हणून हा अभिप्राय उन्हाळ्यात सेल बदललेल्या घड्याळांचा आहे, पण लिहिला आहे पाऊस ओसरल्यावर. घड्याळं म्हणजे कॅसिओ एफ-९१डब्ल्यू, आणि कॅसिओच्याच जी-शॉक या दणकट मालिकेतली डीडब्ल्यू-५६००ई आणि काटे-आकडे दोन्ही असलेली जीए-२१००. काहींचं काम अधिकृत सेवा केंद्रात झालं, काहींचं बाजारातल्या दुकानात, तर काहींचं घरच्या टेबलावर.

आधी सेलचं बघू, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. एफ-९१डब्ल्यू आणि डीडब्ल्यू-५६००ई या दोन्हींत सीआर२०१६ लागतो: २० मिमी व्यास, १.६ मिमी जाडी, ३ व्होल्ट. दुकानात तो संपला असला की ‘२०२५ चालतो, जास्त टिकतो’ असं सांगून तो पुढे केला जातो. व्यास तोच असतो आणि क्षमताही खरंच जास्त असते (२०१६ची साधारण ९० एमएएच, २०२५ची १६०च्या आसपास), पण तो ०.९ मिमीने जाड असतो. तेवढ्याने सेलवरची पट्टी वाकते, झाकण एका कडेने उचललेलं राहतं आणि स्क्रू आवळून ते कसंबसं दाबलं जातं. उलटही होतं. जिथे २०२५ हवा तिथे २०१६ घातला तर संपर्क सैल राहतो, मग पळताना हिसका बसला की घड्याळ पुन्हा १२:००वर.

जीए-२१००मध्ये दोन एसआर७२६डब्ल्यू लागतात आणि ते एकदमच बदलावेत. इथली खोच शेवटच्या अक्षरात आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे जास्त प्रवाह देणारा सेल, त्याचा दुसरा क्रमांक ३९६. ‘एसडब्ल्यू’ म्हणजे साध्या काट्यांच्या घड्याळाचा, क्रमांक ३९७. दोघांचा आकार एकच, म्हणून ३९७ सहज खपवला जातो. वेळ दाखवायला तो पुरतो, पण लाइट लावला की व्होल्टेज खाली बसतं. त्याहून वाईट एजी२ किंवा एलआर७२६, म्हणजे अल्कलाइन. त्याचं व्होल्टेज सुरुवातीपासूनच उतरत जातं, आणि विसरून राहिला तर तो आत गळतो. गळलेल्या सेलने घड्याळाच्या आतल्या मशीनची पट्टी हिरवी पडली की दुरुस्तीचा खर्च नव्या घड्याळाच्या जवळ जातो.

सेल सीलबंद पाकिटातला घ्यावा, डब्यात खुळखुळणाऱ्या सुट्या सेलांतला नको. मॅक्सेल, पॅनासॉनिक, रेनाटा, मुराटा यांपैकी कोणताही चालेल. सोनीचा बॅटरी व्यवसाय मुराटाने २०१७मध्येच घेतला, त्यामुळे सोनी छापाचा ‘ताजा माल’ कोणी दाखवला तर तो जुना साठा आहे की नकली, अशी शंका घेतलेली बरी. नवा सीआर२०१६ मल्टिमीटरवर ३.२ व्होल्टच्या आसपास दिसतो. पाकिटातला नवा सेल ३च्या खाली दिसला तर परत करा. मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात. त्या लेपामुळे काही उपकरणांत संपर्क नीट होत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि जुना सेल टेबलावर ठेवून उठू नका. २० मिमीचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते.

अधिकृत केंद्रात दिलेल्या घड्याळाबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे, आणि तेच चांगलं. झाकणाची रबर रिंग नवी घातली, प्रेशर टेस्ट (दाबाखाली घड्याळ बंद राहतं का याची चाचणी) केली, बिलावर दोन्ही वेगवेगळं लिहिलं. पैसे बाजाराच्या कितीतरी पट लागतात, वेळही जातो, आणि जवळ केंद्र नसेल तर कुरिअरचा व्याप. पण पोहण्यासाठी वापरायचं घड्याळ असेल तर दुसरीकडे देण्यात अर्थ नाही. मालवणला समुद्रात पोहणाऱ्यांनी किंवा रोज तलावावर जाणाऱ्यांनी इथे पैसे वाचवू नयेत.

बाजारातल्या दुकानाचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक घड्याळं तिथेच जातात. चांगला कारागीर ओळखायला तीन प्रश्न पुरतात: रबर नवं घालणार का, सिलिकॉन ग्रीस लावणार का, प्रेशर टेस्टचं मशीन आहे का. तिन्हींना ‘गरज नाही हो’ असं उत्तर मिळालं तर ते दुकान ऑफिसला घालायच्या घड्याळासाठी ठीक आहे. जुनी रिंग बोटावर घेऊन पाहा. नवी असताना तिचा छेद गोल असतो, वापरलेली चपटी झालेली असते. चपटं रबर पुन्हा तेवढंच दाबलं जात नाही, आणि पाणी अडवण्याचं काम रबर दाबलं जाण्यावरच चालतं. दुकानातल्या ‘सगळ्याला चालणाऱ्या’ रिंगांच्या पाकिटात व्यास जुळतो पण जाडी जुळेलच असं नाही. ०.१ मिमीने बारीक रिंग दाबलीच जात नाही, जाड रिंग झाकण बसू देत नाही.

‘टेस्ट’ म्हणून वाटीभर पाण्यात घड्याळ बुडवून दाखवणारेही भेटतात. १० सेंटिमीटर पाण्याचा दाब ०.०१ बार (बार हे दाबाचं एकक). जी-शॉकवर लिहिलेलं असतं २० बार. त्या वाटीतून काही सिद्ध होत नाही, आणि गळती असलीच तर पाणी मात्र आत जातं. खरी चाचणी कोरडी असते: बंद डब्यात हवेचा दाब वाढवायचा आणि घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, किती दबते, दबलेली राहते का, हे मोजायचं. हवा आत शिरत असेल तर दबलेली केस हळूहळू सैल होते. त्यात घड्याळ पास झालं, तरच पाण्याची चाचणी.

आमच्याकडच्या एका डीडब्ल्यू-५६००ईमध्ये दुकानातून आल्यावर बीप बंद होती. हा नेहमीचा घोटाळा आहे. मशीनवर केसासारखी बारीक स्प्रिंग उभी असते. ती काळ्या रबरी गादीच्या भोकातून वर येऊन झाकणाला आतून चिकटवलेल्या चकतीला टेकते, आणि आवाज त्या चकतीतून येतो. गादी उचलताना स्प्रिंग उडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. झाकण उलट्या दिशेने बसवलं तरी चकती आणि स्प्रिंग समोरासमोर येत नाहीत. वेळ बरोबर चालते, त्यामुळे घरी येऊन पहाटेचा गजर चुकेपर्यंत पत्ता लागत नाही. काउंटर सोडण्याआधी बटण दाबून बीप ऐका, लाइट लावा, स्टॉपवॉच चालवून पाहा.

घरी करायचं तर काम अर्ध्या तासाचं आहे. त्यासाठी ००० आणि ०० नंबरचे चांगले फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकचा आणि धातूचा असे दोन चिमटे, सिलिकॉन ग्रीस आणि नवी रिंग लागते. धातूच्या चिमट्याने सेल वरून-खालून धरला की तो शॉर्ट होतो, सेलसाठी प्लास्टिकचाच घ्या. पट्टा काढला तर घड्याळ सपाट राहतं. बेझल, म्हणजे काचेभोवतीची बाहेरची चौकट, काढायची गरज नाही. जुन्या रेझिनच्या बेझलला तर हातही लावू नये: दमट हवेत ते रेझिन वर्षानुवर्षं आतून कमजोर होत जातं आणि वाकवताच तुकडा निघतो. कोकणातल्या घड्याळांत हे जास्त दिसतं.

झाकण उघडण्याआधी सांधीतली मळी दात घासायच्या मऊ ब्रशने काढा, नाहीतर ती थेट रबराच्या खाचेत पडते. चार स्क्रू काढा, झाकणाची दिशा फोटो काढून ठेवा. गादी सरळ वर उचला, स्प्रिंगवर नजर ठेवा. सेलवरची पट्टी एका आकड्यात अडकवलेली असते. आकडा बाजूला ढकलला की ती उघडते, वर खेचून तोडू नका. नवा सेल घालून पट्टी लावली की बहुतेक लोक झाकण लावायला घेतात आणि एक पायरी राहून जाते. पट्टीजवळ ‘एसी’ (इंग्रजीत AC, म्हणजे ऑल क्लिअर) असं लिहिलेला बिंदू असतो. धातूच्या चिमट्याचं एक टोक त्यावर आणि दुसरं सेलच्या वरच्या, म्हणजे धन बाजूवर दोनेक सेकंद टेकवायचं. यामुळे मशीन शून्यापासून सुरू होतं. हे केलं नाही तर कधी आकडे अर्धवट उमटतात, कधी लाइट लागत नाही, आणि कधी सगळं ठीक दिसूनही नवा सेल काही आठवड्यांत संपतो. ‘सेल डुप्लिकेट निघाला’ अशा तक्रारींतल्या काही तरी या राहून गेलेल्या पायरीच्या असतात.

ग्रीस रिंगला चमक येईल एवढंच. पांढरा थर दिसला तर जास्त झालं, त्यात धूळ चिकटते. खाचेत एक केस किंवा धागा राहिला तरी तिथून पाण्याला वाट मिळते, म्हणून खाच भिंगातून पाहा. स्क्रू समोरासमोरचे, आलटून पालटून, आधी हलके आणि मग पक्के. एफ-९१डब्ल्यूची केस रेझिनची आहे. तिथे जोर लावला की आटे जातात आणि ते परत येत नाहीत. जीए-२१००मध्ये शेवटी काट्यांची मूळ जागा जुळवावी लागते, नाहीतर आकडे एक वेळ दाखवतात आणि काटे दुसरी.

आता पावसाळ्यातली मुख्य तक्रार: काचेत आतून धुकं. त्याचा अर्थ दर वेळी गळती असा नसतो. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत झाकण लावलं तर तीच हवा आत बंद होते, आणि तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते, २७ अंशांच्या आसपास असतो. मग २२ अंशांच्या एसी ऑफिसात शिरताच काच आतून धुरकट होणारच, रबर कितीही नवं असो. हेच काम एसी खोलीत २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत केलं तर दवबिंदू १३ अंशांवर येतो, आणि आपल्याकडे तेवढी गार काच फारशी कुठे होत नाही. उघड्या फुटपाथवर जूनमध्ये सेल बदलू नये, ते याचसाठी. फरक असा ओळखायचा: आत कोंडलेल्या दमटपणाचं धुकं दर वेळी सारखंच येतं आणि काच तापली की जातं. गळती असेल तर ते आठवड्यागणिक वाढतं, पुढे थेंब दिसतात. बाजारातून आलेल्या त्याच डीडब्ल्यू-५६००ईचं धुकं दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे गळतीचं निघालं, आणि उघडल्यावर रिंग एका कोपऱ्यात झाकणाखाली चिमटलेली सापडली. घरी एसी खोलीत उघडलेल्या एफ-९१डब्ल्यूची काच मात्र सगळा पाऊस स्वच्छ राहिली. अर्थात तिच्यावर नुसतं ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलेलं आहे, म्हणजे हात धुणं आणि पावसाचे शिंतोडे एवढंच. ती घालून कोणी पोहू नये.

झाकणाचं रबर नवं घातलं तरी बटणांच्या दांड्यांवरची बारीक रबरं सेल बदलताना कोणी बदलत नाही. जुन्या घड्याळात पाणी बऱ्याचदा तिथूनच शिरतं. घामाचं आणि समुद्राचं मीठ तिथे साठतं, म्हणून पळून किंवा पोहून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावं आणि पाण्यात असताना बटणं दाबू नयेत.

सोलर जी-शॉकवाल्यांसाठी एक कडक सूचना. जीडब्ल्यू-एम५६१०मध्ये सीटीएल१६१६ असतो, आणि तो चार्ज होणारा आहे. दिसायला तसाच सीआर१६१६ स्वस्तात मिळतो आणि काही दुकानदार तो घालतातही. तो चार्ज करण्यासाठी बनलेलाच नाही. रोज उन्हातून त्यात प्रवाह ढकलला गेला की तो फुगू किंवा गळू शकतो. आणि मुळात सेल गेला असं ठरवण्याआधी घड्याळ काही दिवस उजेडात ठेवा, कारण फुल बाह्यांच्या शर्टाखाली राहून नुसतं उपाशी पडलेलं घड्याळ पुष्कळदा उठून बसतं. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, तिथली उष्णता सेललाच मारते.

जीपीएस घड्याळांची गोष्ट निराळी. आतली लिथियम-आयन बॅटरी ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर साधारण ८० टक्क्यांवर येते, म्हणजे रोज लांब पळणाऱ्यांना दोन-तीन वर्षांत फरक जाणवू लागतो. गार्मिनसारख्या कंपन्या वॉरंटीनंतर सहसा बॅटरी बदलत नाहीत, पैसे घेऊन घड्याळच बदलून देतात. महाग वाटतं, पण बाहेर मागची चिकटवलेली बाजू गरम करून उघडली की नाडीच्या सेन्सरभोवतीचं सील पूर्वीसारखं बसवणं कठीण असतं. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारख्या भर पावसातल्या शर्यतीत असं घड्याळ घालणं म्हणजे जुगार. उंची चुकीची दाखवतं म्हणून बॅरोमीटरच्या (हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या सेन्सरच्या) भोकात सुई घालणारे कारागीरही आहेत. त्यांच्या हातात घड्याळ देऊ नका: आतला पातळ पडदा फाटला की पाणी थेट सेन्सरवर. घामाचं मीठ अडकलं असेल तर कोमट गोड्या पाण्यात ठेवून हलवलं तरी ते सुटतं.

नाडी मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्याचा सेल मात्र स्वतःच बदला. पोलर एच१०मध्ये सीआर२०२५ लागतो, साधारण ४०० तास चालतो, आणि झाकण नाण्याने फिरतं. त्याचीही रिंग पुसून, खाचेत नीट बसवूनच झाकण लावा.