सुट्या रंगांची आयशॅडो पॅलेट: आठ महिने, एक्केचाळीस नवऱ्या

मी कोल्हापुरात ब्रायडल मेकअप करते. राजारामपुरीत माझा छोटा स्टुडिओ आहे, पण निम्म्याहून जास्त कामं बाहेरची असतात. कधी कागल, कधी गडहिंग्लज, कधी जयसिंगपूर. गेल्या दिवाळीत मी एक महागडी, परदेशी कंपनीची, आपल्याला हवे ते रंग बसवता येतील अशी आयशॅडो पॅलेट घेतली. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला ती पहिल्यांदा उघडली आणि आता आषाढ लागल्यावर पुसून, साफ करून कपाटात ठेवली. मधल्या काळात तिच्यावर ४१ नवऱ्या तयार झाल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते या प्रकारच्या कुठल्याही पॅलेटला लागू पडेल.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डबी रिकामी मिळते आणि तिच्या तळाला लोहचुंबक असतो. पापणीवर लावायचे रंग सुटे मिळतात, पत्र्याच्या लहान गोल वाट्यांमध्ये दाबून बसवलेले. माझ्या वाट्यांचा व्यास २६ मिमी आहे. हे माप बऱ्याच कंपन्यांत चालतं, त्यामुळे एका कंपनीच्या डबीत दुसरीचा रंग बसू शकतो. फक्त वाटी ॲल्युमिनियमची असेल तर ती चुंबकाला धरत नाही, तिच्या तळाला लोखंडी पत्र्याचा स्टिकर लावावा लागतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी एक वाटी डबीत नुसती सरकत होती, तेव्हा शोधून काढलं.

आधी माझ्याकडे अठरा-अठरा रंगांच्या दोन तयार पॅलेट होत्या. दोन्हींची गत सारखीच झाली. गव्हाळ मॅट (मॅट म्हणजे चमक नसलेला) आणि कॉफीसारखा तपकिरी मॅट, या दोन रंगांचा तळ दिसायला लागला, आतला पत्रा चमकायला लागला, आणि शेजारी निळा, पोपटी, चंदेरी जसेच्या तसे. दोन रंग संपले म्हणून अख्खी पॅलेट पुन्हा घ्यायची आणि तोच निळा तिसऱ्यांदा घरी आणायचा, हे मला पटेना.

हिशेब मांडते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. डबी १,८०० रुपयांना पडली. दहा रंग प्रत्येकी ८५० प्रमाणे ८,५०० रुपये. हंगामात दोन वाट्या पुन्हा घ्याव्या लागल्या, १,७०० रुपये. एकूण १२,००० रुपये झाले, म्हणजे एका नवरीमागे तीनशेच्या आत. रोज ऑफिसला जाताना डोळ्यांवर हलका हात फिरवणाऱ्या बाईने एवढे पैसे घालावेत असं मी म्हणणार नाही. तिला चार रंगांची छोटी डबी पुष्कळ झाली.

रंग निवडताना मात्र मी चुकले. पुण्यातल्या एका काउंटरवर जाऊन हाताच्या पाठीवर रंग लावून बघितले. तिथले दिवे पिवळे. त्या उजेडात जो रंग आमसुली वाटला तो घरी आल्यावर नुसता मातकट निघाला. दुसरा अबोली म्हणून घेतला, तो सावळ्या पापणीवर राखेसारखा दिसतो, गोऱ्या नवरीवरच चालतो, म्हणजे वर्षातून चार वेळा. दहातले हे दोन रंग वाया गेले. तेव्हापासून रंग हाताच्या पाठीवर नाही, मनगटाच्या आतल्या बाजूला लावते आणि दुकानाच्या बाहेर रस्त्यावर येऊन उन्हात बघते. अक्षता दुपारी साडेबाराला पडणार असतील तर रंगही दुपारी साडेबाराच्याच उजेडात बघायला हवा.

जे आठ टिकले ते असे: गव्हाळ मॅट, कॉफी मॅट, विटकरी मॅट, डाळिंबी, वांगी, तांब्याची चमक असलेला, जुन्या सोन्यासारखा आणि एक खोल काळसर तपकिरी. काळा मी मुद्दाम घेतलाच नाही. नवरीची आई हमखास येऊन सांगते, "ताई, पोरीचं डोळं लई काळं करू नका हं." तिचं बरोबर असतं. मुंडावळ्या बांधल्या की कपाळापासून गालापर्यंत मोत्यांच्या सरी येतात, त्यांची सावली डोळ्यांवर पडते, आणि आपण काळा भरला असेल तर फोटोत डोळे आत गेलेले दिसतात.

या पॅलेटचा खरा उपयोग मला हळदीच्या दुसऱ्या दिवशी कळला. आपल्याकडे हळद लावतात ती मनापासून लावतात, कपाळ, गाल, पापण्या, काही सोडत नाहीत. सकाळी पोरगी चार वेळा तोंड धुऊन आलेली असते, तरी पापणीच्या घडीत पिवळेपणा राहतोच. त्यावर थेट वांगी लावला की तो मळतो, तपकिरीकडे जातो, कारण पिवळा आणि जांभळा एकमेकांना मारतात. विटकरी मात्र त्याच पिवळ्यावर असा उजळतो की हळदीनेच त्याची तयारी करून ठेवली होती असं वाटावं. म्हणून हिरव्या किंवा पिवळ्या साडीत विधी असतील तर मी वांगी काढून बाजूला ठेवते आणि विटकरीची वाटी गव्हाळच्या शेजारी आणते. संध्याकाळी रिसेप्शनला शालू नेसल्यावर पापणीवर कन्सीलरचा, म्हणजे डाग झाकणाऱ्या क्रीमचा, पातळ थर, त्यावर गव्हाळ, मग वांगी. त्या दिवसाला लागणारे चार रंग एका ओळीत समोर असले की हात चुकत नाही. पहाटे साडेचारला, बाहेर बँडवाले आलेले, खोलीत दहा बायका, अशा वेळी याची किंमत कळते.

दुसरा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या भागात जैन समाज मोठा आहे. जयसिंगपूरच्या बाजूची एक नवरी ट्रायलला आली. तिने खुर्चीत बसण्याआधीच विचारलं, "ताई, यात जीवजंतूचं काही नाही ना?" मी सांगितलं, बघून सांगते. रात्री सगळ्या वाट्यांची खोकी काढून घटकांची यादी वाचली. डाळिंबी रंगात कार्माइन होतं, यादीत सी. आय. ७५४७० या आकड्याने लिहिलेलं. हा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. विटकरीत तो नव्हता, तिथली लाली आयर्न ऑक्साइडची, सी. आय. ७७४९१. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून जे आहे ते सांगितलं, डाळिंबीची वाटी काढली, तिच्यासाठी ब्रश आणि स्पंज नवे काढले आणि सगळा डोळा विटकरी आणि जुन्या सोन्यावर केला. तयार पॅलेटमध्ये तो रंग शेजारच्या रंगांना चिकटूनच राहिला असता, एकाची भुकटी दुसऱ्यावर उडत राहिली असती. इथे वाटी उचलली, डबी स्पिरिटने पुसली, आणि मी तिला मनापासून "नाही" म्हणू शकले. गडद लाल, डाळिंबी, वांगी असे रंग घेताना हा आकडा एकदा बघाच. खोकं टाकायच्या आधी वाटीच्या मागे रंगाचं नाव, उघडल्याची तारीख आणि कार्माइन आहे की नाही ते मार्करने लिहून ठेवा. खोक्यावर उघड्या डबीचं चित्र असतं, त्यात २४ एम लिहिलं असेल तर उघडल्यापासून चोवीस महिने.

आता तक्रारी.

चुंबक. घरात डबी उलटी केली तरी वाट्या हलत नाहीत, पण गडहिंग्लजच्या वाटेवर एका खड्ड्यात गाडी अशी आपटली की मागच्या सीटवरची पेटी खाली आली. उघडून बघते तर दोन वाट्या जागा सोडून झाकणाला लागलेल्या, आणि तांब्याचा चमकता रंग फुटून सगळ्या डबीत पसरलेला. लग्नघरात पोचल्यावर पहिली वीस मिनिटं ब्रशने डबी झाडण्यात गेली. एवढ्या किमतीच्या डबीला झाकणाच्या आतून पातळ फोमची पट्टी द्यायला हवी होती. आता मी स्वतः कापून लावलीय, त्यानंतर एकही वाटी हललेली नाही.

फुटलेला रंग जोडता येतो. सगळी भुकटी वाटीत परत गोळा करायची, टूथपिकने अगदी बारीक करायची, मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबाथेंबाने टाकत चिखलासारखं करायचं. मग त्यावर सुती कापड ठेवून वाटीच्या मापाचं नाणं हलक्या हाताने दाबायचं, कापड ओलावा ओढून घेतं. दोन दिवस उघडं ठेवायचं. माझा रंग बसला, पण आधीपेक्षा कडक झाला आणि चमक थोडी कमी झाली. तो आता माझ्या स्वतःच्या वापराला ठेवलाय, नवरीसाठी नवी वाटी घेतली.

वाटी काढायची सोय हीसुद्धा अर्धवट आहे. डबीच्या मागे भोकं नाहीत, त्यामुळे खालून ढकलता येत नाही. पहिल्या आठवड्यात नखाने उचलायला गेले आणि गव्हाळ रंगावर नखाची कोयरी उमटली. आता फ्रीजवरच्या चुंबकाचा तुकडा वाटीच्या कडेला लावून तिरकी उचलते.

मॅट रंगांवर मधूनमधून तुळतुळीत पापुद्रा धरतो, ब्रश फिरवला तरी रंग येत नाही. हा दोष रंगाचा नाही. ब्रशला लागलेलं क्रीम आणि त्वचेचं तेल त्याच्यावर बसतं. सेलोटेप हलकेच लावून ओढली की पापुद्रा निघून येतो. चमकीचे रंग ओल्या ब्रशने थेट वाटीतून घेऊ नका, आधी थोडा रंग स्टीलच्या पट्टीवर काढून घ्या.

आणि आपला पाऊस. ज्येष्ठातल्या शेवटच्या दोन लग्नांना सगळं इतकं दमट होतं की एका वाटीच्या कडेला तांबूस डाग दिसला, पत्रा गंजायला लागला होता. सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून, डबी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलीय.

हे सगळं मी सांभाळून घेईन. ज्याचं खरंच वाईट वाटलं ते वेगळंच आहे. फेब्रुवारीत कॉफी मॅट संपला, नवा आणला. मे महिन्यात तोही तळाला आला तेव्हा कळलं की तो रंग कंपनीने बंद केलाय. मिळेल तो दुसरा घ्या, म्हणाले. दुसरा म्हणून आला तो लालसर, पापणीच्या घडीत ओढला की डोळे सुजल्यासारखे दिसतात. अशी पॅलेट विकताना सांगितलेलं असतं की संपेल तेवढंच भरा. भरायला रंगच राहिला नाही तर रिकामी डबी घेऊन मी काय करू? ४१ नवऱ्यांच्या डोळ्यांत जो रंग सगळ्यात जास्त गेला, तोच बंद. एखाद्या रंगावर तुमचं काम उभं असेल तर त्याच्या दोन वाट्या जास्तीच्या घेऊन ठेवा.

माझे मामेसासरे केशवराव भोसले नाट्यगृहात नाटकांच्या प्रयोगांना रंगभूषा करायचे. त्यांना ही डबी दाखवली. त्यांनी एकेक वाटी उचलून, मागे लिहिलेलं वाचून, पुन्हा जागेवर ठेवली. म्हणाले, "आमच्या पत्र्याच्या पेटीत हेच असायचं गं. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळी. संपेल ते बाजारातून आणायचं आणि आपल्या हाताने मिसळायचं." मग कॉफी मॅटच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "मिसळून का बघत नाहीस?"

मी बघितलं. गव्हाळ दोन भाग, खोल तपकिरी एक भाग, चिमूटभर विटकरी, सगळं फुटलेला रंग जोडला त्याच पद्धतीने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवून रिकाम्या वाटीत दाबलं. रंग कॉफीच्या अगदी जवळ आलाय, थोडा उबदार आहे. पापणीवर किती तास टिकतो ते अजून स्वतःच्याच डोळ्यांवर बघतेय, काल रंकाळ्यावर तासभर फिरून आले तेव्हा घडीत जमला नव्हता. कार्तिकातल्या पहिल्या नवरीने साडीचा फोटो पाठवलाय, डाळिंबी रंग आणि हिरवे काठ. तिला म्हटलंय, ट्रायलला येताना साडी घेऊन ये, आपण गच्चीत उन्हात बघू.