जागतिक बँकेची खुली आकडेवारी: उच्च शिक्षणावरील खर्च तपासताना

उच्च शिक्षणावरील सरकारी खर्चामुळे देशाची आर्थिक वाढ होते का, हे नुसत्या मतांवर न सोडता आकड्यांवर पडताळून पाहायचे असेल, तर जागतिक बँकेच्या खुल्या आकडेवारीपासून सुरुवात करणे सर्वांत सोयीचे ठरते. एप्रिल 2010 पासून ही सेवा विनामूल्य आहे. देशांची तुलना करणारा आलेख लगेच दिसतो आणि सगळा तक्ता एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो.

शिक्षणाचे बहुतेक आकडे युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेकडून येतात. देशांनी माहितीच कळवली नसेल, तर त्या वर्षाचा रकाना रिकामा राहतो, आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य खर्च नव्हे.

खरी जबाबदारी अर्थ लावणाऱ्यावर येते. उच्च शिक्षणातील प्रति विद्यार्थी सरकारी खर्च येथे दरडोई जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पादनातील माणशी वाट्याच्या, टक्केवारीत दिलेला असतो. मलावीसारख्या गरीब आफ्रिकी देशात विद्यार्थी मोजके आणि दरडोई जीडीपी अत्यल्प, त्यामुळे हा आकडा शंभर टक्क्यांच्या कितीतरी पुढे गेलेला दिसतो. प्रत्यक्षात अनेक पटींनी जास्त पैसा खर्च करणारे श्रीमंत देश मात्र त्याच तक्त्यात खाली असतात. एकूण खर्च जीडीपीच्या तुलनेत पाहिला, तरी मंदीच्या वर्षी एक पैसाही न वाढवता टक्केवारी वर चढते. केवळ या आकड्यांवरून एखाद्या सरकारची पाठ थोपटणे मला धोक्याचे वाटते.

दुसरी अडचण काळाची आहे: खर्चाचे फळ बऱ्याच वर्षांनी दिसते. अमेरिकी सरकारच्या पैशातून विद्यापीठांचे संगणक जोडणारे अर्पानेट 1969 मध्ये सुरू झाले आणि त्यातून वाढलेल्या इंटरनेटचा व्यापारी विस्तार 1990 च्या दशकात झाला. त्यामुळे एकाच वर्षाचा खर्च आणि त्याच वर्षाचा विकासदर शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. खर्चाची मालिका पंधरा-वीस वर्षे पुढे सरकवून, म्हणजे आजच्या खर्चाशेजारी तितक्या वर्षांनंतरचा विकासदर ठेवून, पाहावी लागते, आणि हे काम आपल्याच तक्त्यात करावे लागते.

दक्षिण कोरियाची नोंद तपासताना तर अधिकच सावध राहावे. तेथील उच्च शिक्षणातील पटनोंदणीची झेप थक्क करणारी आहे, परंतु तिचा मोठा भार खासगी विद्यापीठांनी आणि कुटुंबांनी उचलला. सरकारी खर्च आणि कुटुंबांचा खर्च एकाच आलेखात, शेजारी शेजारी मिळाला, तर ही सेवा अभ्यासकांच्या कितीतरी अधिक उपयोगी पडेल.