थायरॉइड असताना टर्म विमा: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

टर्म विम्याची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना रक्कम देणारी, पॉलिसी हातात येऊन ११ महिने झाले. विम्याचा खरा ‘वापर’ होईल तेव्हा अनुभव लिहायला मी नसेन, हे उघड आहे. पण अर्ज, तपासण्या, एकदा परतपाठवणी, एक दुरुस्तीपत्र आणि एक चुकलेला हप्ता एवढं पाहून झालंय. तेवढ्यावर लिहिते.

माझं वय ४१. हायपोथायरॉइड, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक कमी पडणं, ९ वर्षांपासून. कारण हाशिमोटो, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या थायरॉइड ग्रंथीवर उठते तो प्रकार. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी. बाकी तब्येत ठणठणीत, असा माझा समज होता.

एजंट ओळखीतले, वयाने मोठे. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. फॉर्म भरताना दीर्घ आजाराचा रकाना आला तसं त्यांनी पेन वर उचललं. म्हणाले, “अगं, थायरॉइड म्हणजे काय आजार झाला का? कितीतरी जणींना असतो. सरळ ‘नाही’ लिही, उगाच चार तपासण्या मागे लागतील.” मी म्हटलं, “काका, सही माझी आहे.” ते हसले, “बरं बाई, लिही.” त्यांच्या मनात पाप नव्हतं, फॉर्म लवकर निघावा एवढंच. पण ९ वर्षांचे लॅबचे रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कुठे ना कुठे आहेतच. क्लेमच्या वेळी त्या निघाल्या तर उत्तरं घरच्यांना द्यावी लागणार. जोखमीची माहिती विमा घेणाऱ्यालाच असते, म्हणून ती त्याने उघड करायची, हे तत्त्व फार जुनं आहे. १७६६ साली इंग्लंडमध्ये कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ते मांडलं. (हे मी काकांना ऐकवलं नाही. ऐकवायला हवं होतं.)

पहिला अर्ज फसला. घरी येऊन रक्त, लघवी, वजन, रक्तदाब, ईसीजी सगळं झालं आणि दोन आठवड्यांनी पत्र आलं: प्रस्ताव सहा महिन्यांसाठी स्थगित. नकार आणि स्थगिती यांत फरक असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं, दिवसभर डोकं फिरलेलं होतं. रिपोर्ट मागवून घेतले. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं) ११.२. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असायला हवा. शिवाय एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढलेलं आणि हिमोग्लोबिन कमी.

रिपोर्ट घेऊन माझ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही, आधी विचारलं, “गोळी कशाबरोबर घेता?” मी म्हटलं, पाण्याबरोबर. “आणि आणखी काय घेता त्या वेळी?” तेव्हा लक्षात आलं. हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि विसरायला नको म्हणून मी दोन्ही एकदमच तोंडात टाकत होते. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात, ते रक्तात नीट उतरतच नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. म्हणजे तीन महिने मी इमानेइतबारे गोळी घेत होते आणि निम्मी वाया घालवत होते! कोलेस्टेरॉलही त्याच माळेतलं: थायरॉइड कमी पडलं की एलडीएल वाढतं. कंपनीच्या माणसाला मात्र कागदावर तीन वेगवेगळ्या तक्रारी दिसल्या. त्याच्या जागी मीही थांबा म्हटलं असतं.

लोहाची गोळी रात्रीवर नेली. डोस तोच ठेवला. थायरॉक्सिनचा परिणाम टीएसएचमध्ये दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत पुन्हा रक्त देऊन काही हाती लागत नाही. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.१ आला, पुढच्या वेळी २.७. एलडीएलही खाली आलं. केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. काही लॅबच्या यंत्रांवर बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात आणि हायपो असलेली बाई कागदावर हायपर, म्हणजे संप्रेरक जास्त झालेली, दिसू शकते. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवायचं, डॉक्टरांना सांगून.

मधल्या काळात दुसऱ्या कंपनीत टाकून बघू, असं नवऱ्याचं मत पडलं. मी अडवलं. बहुतेक फॉर्मवर प्रश्न असतोच: पूर्वी कधी प्रस्ताव नाकारला किंवा पुढे ढकलला गेलाय का? त्याला खरं ‘हो’ लिहायचं, मग एका ‘हो’चे तीन कशाला करा.

सहा महिन्यांनी त्याच कंपनीत पुन्हा अर्ज केला. या वेळी सोबत तीन सलग रिपोर्ट आणि डॉक्टरांचं अर्ध्या पानाचं पत्र जोडलं. पत्रात निदान कधी झालं, कारण, सध्याचा डोस, मागचा टीएसएच का वाढला होता, सोनोग्राफीत गाठ नाही, हृदयाची तक्रार नाही, एवढंच. माझ्या मते सगळं काम या पत्राने केलं. जुना ईसीजी शोधला तर कागद जवळपास कोरा झालेला. तो थर्मल कागद असतो, हातात पडल्या पडल्या फोटो काढून ठेवावा.

मग फोनवर मुलाखत. पलीकडची मुलगी प्रश्न वाचून दाखवत होती, सूर पाठ केल्यासारखा. धडधड होते का, वजन अचानक घटलंय का, डोळे पुढे आलेत का? हे सगळे हायपरचे, म्हणजे ज्यात थायरॉइड जास्त काम करतं त्या ग्रेव्हजसारख्या आजाराचे प्रश्न. त्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो, म्हणून कंपन्या तिकडे जास्त बारकाईने बघतात. मी दोनदा सांगितलं, “मला हायपो आहे, पो.” ती म्हणाली, “हो मॅडम, नोंद केली.”

काय नोंद केली ते पॉलिसीच्या कागदांत दिसलं. आयुर्विमा नेहमीच्या हप्त्यात मिळाला, एक पैसा लोडिंग (आजारामुळे लावलेला जादा हप्ता) नाही. आनंद झाला, सगळे कागद चाळत बसले, तर शेवटी जोडलेल्या प्रस्तावाच्या प्रतीत ‘हायपरथायरॉइडिझम, ९ वर्षे’. म्हणजे माझ्या सहीच्या कराराला माझा नसलेला आजार चिकटवलेला. फ्री-लूकची, म्हणजे पॉलिसी वाचून पटली नाही तर परत करायची, मुदत चालू होती. त्याच रात्री ईमेल केली, सोबत डॉक्टरांचं पत्र. तीन स्मरणपत्रं आणि एका फोननंतर दुरुस्तीचं पत्र आलं, ते मी पॉलिसीलाच टाचून ठेवलंय. काका म्हणाले, “शेवटची पानं कोण वाचतं गं?” मी वाचते, काका.

सातव्या महिन्यात बँकेचं कार्ड बदललं आणि हप्ता परत गेला. मला पत्ताच नाही. सवलतीच्या मुदतीतले चार दिवस उरले असताना मेसेज दिसला आणि भरला. एरवी एवढं मनाला लावून घेतलं नसतं, पण त्याच आठवड्यात टीएसएच ६.४ आला होता आणि डोस ८८ वर गेला होता. पॉलिसी बंद पडली असती तर ती पुन्हा चालू करताना तब्येतीचं घोषणापत्र नव्याने भरावं लागलं असतं, नेमकं त्या आकड्यावर. आता दोन ठिकाणी आठवण लावलीय, एक नवऱ्याच्या फोनवर.

डोस वाढल्याचं कळवायला हवं का, हे कंपनीला लेखी विचारलं होतं. चालू पॉलिसीसाठी गरज नाही, रक्कम वाढवायची असेल तर सांगावं लागेल, असं उत्तर आलं. अर्ज केल्यापासून पॉलिसी मिळेपर्यंत मात्र काहीही बदललं तर सांगायचंच असतं.

एक गोष्ट अजून खुपते. गंभीर आजाराचा रायडर (मूळ पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण) मागितला होता, तो दिला नाही. तसाही अनेक करारांत अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला थायरॉइडचा कॅन्सर व्याख्येतून वगळलेला असतो, त्यामुळे माझं फार बिघडलं असंही नाही. पण कारण काय? ‘वैद्यकीय निकषांनुसार’ एवढे दोन शब्द. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तोच परिच्छेद परत आला. तिसरं पत्र लिहून ठेवलंय, रविवारी पाठवेन.